धंद्याचं डोमेन वेबसाइटवाल्याच्या खात्यातून आपल्या ताब्यात कसं घ्यायचं, आणि ताब्यात कसं ठेवायचं

वेबसाइट करून घेताना बहुतेक दुकानदार, कारखानदार, क्लासवाले एकच सांगतात, "डोमेन, होस्टिंग सगळं तुम्हीच बघा." वेबसाइटवाला बघतो. स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या मोबाइल नंबरवर डोमेन, म्हणजे 'तुमचंनाव.कॉम' हे इंटरनेटवरचं नाव, घेतो, कारण त्याला ते सोपं पडतं. त्यात दरवेळी लबाडी असतेच असं नाही. पण काही वर्षांनी तो नोकरीला लागतो, गाव सोडतो, बिलावरून त्याच्याशी खटका उडतो. आणि तेव्हा कळतं की दुकानाच्या पाटीवर, टेम्पोवर, बिलबुकावर आणि व्हिजिटिंग कार्डावर छापलेलं नाव कागदोपत्री आपलं नाहीच.

नाव परत मिळवताना लोक सर्वांत जास्त चुकतात ते क्रमात. आधी भांडण होतं आणि मग पासवर्ड मागितला जातो. आधी नोंदणीदाराचं, म्हणजे कागदोपत्री मालकाचं, नाव बदललं जातं आणि मग ट्रान्सफर, म्हणजे डोमेन दुसऱ्या कंपनीकडे हलवणं, अडकतं. आधी नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनची वेबसाइट आणि मेल कुठे आहे ते सांगणारे सर्व्हर, बदलतात आणि दुसऱ्या दिवशी लक्षात येतं की ऑर्डरच्या मेल येणं थांबलंय. खालच्या पायऱ्या म्हणूनच दिलेल्या क्रमाने करा. एखादी पायरी तुमच्याकडे आधीच झालेली असेल तर तिच्याखालची तपासणी करा आणि पुढे जा.

## सुरुवातीआधी: चार वेगळ्या गोष्टी एक समजू नका

डोमेन, डीएनएस, होस्टिंग आणि ईमेल या चार वेगळ्या सेवा आहेत. एकाच कंपनीकडून, एकाच बिलात घेतल्या असल्या तरी वेगळ्याच. वेबसाइटच्या फाइली होस्टिंगवर असतात. मेल गुगल, झोहो, मायक्रोसॉफ्ट किंवा होस्टिंगवाल्याच्या सर्व्हरवर असते. कुठल्या नावाची वेबसाइट कुठे आणि मेल कुठे, हे डीएनएस सांगतो. आणि डोमेन म्हणजे निव्वळ त्या नावाची नोंदणी. वेबसाइट उडाली तर पुन्हा उभी करता येते. नाव दुसऱ्याकडे गेलं तर तो सांगेल ती किंमत. घर कोणीही बांधलं तरी सातबारा कोणाच्या नावावर आहे ते आपण बघतो, तसं इथे नोंदणी बघायची.

नोंदणीची साखळी अशी असते. सगळ्यात वर रजिस्ट्री: .कॉमसाठी व्हेरिसाइन, .इनसाठी निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया. तिच्याखाली रजिस्ट्रार, जिथे नाव विकत मिळतं. रजिस्ट्रारच्या खाली पुष्कळदा रिसेलर, म्हणजे त्याच्याकडून घेऊन पुढे विकणारा, असतो, आणि तो बहुतेक वेळा तुमचा वेबसाइटवालाच. शेवटी नोंदणीदार. तिथे तुमची फर्म हवी.

## १. नाव आज कुठे आहे ते शोधा

डोमेन नावांचे जागतिक नियम बघणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या 'लुकअप' पानावर जाऊन आपलं .कॉम, .नेट किंवा .ऑर्ग नाव टाका. .इन असेल तर .इन रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावरच्या शोधात टाका. दोन्ही फुकट आहेत, लॉगिन लागत नाही. समोर जी माहिती येईल तिचा स्क्रीनशॉट घ्या आणि या गोष्टी वहीत उतरवा: रजिस्ट्रारचं नाव, रिसेलर दिला असेल तर तो, नोंदणीची तारीख, संपण्याची तारीख, 'स्टेटस'च्या सगळ्या ओळी आणि नेमसर्व्हर.

नोंदणीदाराच्या जागी बहुतेक वेळा नाव दिसणार नाही. माहिती गोपनीयतेसाठी झाकलेली आहे एवढंच लिहिलेलं असेल. त्यावरून 'नाव आपलंच असेल' असा निष्कर्ष काढू नका आणि 'त्याने लपवलंय' असाही काढू नका. खरं नाव रजिस्ट्रारच्या खात्यात लॉगिन केल्यावरच दिसतं.

स्टेटसमध्ये 'क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड' दिसलं तर घाबरू नका. ते कुलूप आहे, आणि ते असायलाच हवं. 'क्लायंट होल्ड' किंवा 'सर्व्हर होल्ड' दिसलं तर मात्र नाव बंद पाडलेलं आहे: फी भरलेली नाही, ईमेलची पडताळणी झालेली नाही किंवा तक्रार आहे. 'रिडेम्प्शन पीरियड' दिसलं, म्हणजे मुदत संपून नाव हातातून जायच्या बेतात असेल, तर बाकीचा लेख बाजूला ठेवा आणि आधी रजिस्ट्रारला फोन लावा.

सावधान: .कॉमची मुदत संपली की रजिस्ट्री स्वतःहून तारीख एक वर्ष पुढे ढकलते, पैसे कोणी भरलेले नसले तरी. म्हणजे लुकअपमध्ये पुढच्या वर्षाची तारीख दिसते आणि मालक निर्धास्त होतो. त्याच वेळी स्टेटसमध्ये 'ऑटो रिन्यू पीरियड' अशी ओळ असेल तर फी भरल्याची पावती हातात येईपर्यंत डोमेन रिन्यू झालं असं धरू नका. पैसे आले नाहीत तर रजिस्ट्रार ते वर्ष मागे घेतो.

तपासा: संपण्याची तारीख दीड महिन्याच्या आत आहे का? असेल तर काहीही हलवण्याआधी, ज्याच्या खात्यात नाव आहे त्याच्याकडूनच एक वर्षासाठी रिन्यू करून घ्या, त्याला पैसे देऊन. मुदत संपत आलेली असताना ट्रान्सफर सुरू करणं हा या सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत महाग उतावीळपणा आहे.

## २. डोमेनसाठी स्वतंत्र ईमेल उघडा

डोमेनच्या खात्याची खरी चावी ईमेल असते. पासवर्ड विसरला तर लिंक तिथेच येते, ट्रान्सफरची विचारणा तिथेच येते, मुदतीची आठवणही तिथेच.

हा ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा. ही चूक इतकी सर्रास होते की ती पुन्हा सांगतो: 'माहिती अॅट तुमचंनाव.कॉम' हा पत्ता 'तुमचंनाव.कॉम'च्या खात्याला जोडू नका. डोमेन बंद पडलं की त्यावरची मेल बंद पडते. मग खात्यात शिरायचा ओटीपी त्याच बंद पेटीत जातो आणि तुम्ही बाहेर उभे राहता.

जीमेल किंवा तत्सम सेवेवर फर्मच्या नावाचा एक वेगळा पत्ता उघडा. तो व्हिजिटिंग कार्डावर छापू नका, ग्राहकांना देऊ नका. त्याला दोन टप्प्यांची सुरक्षा लावा, शक्यतो मोबाइलवरच्या ऑथेंटिकेटर अॅपची. बॅकअप कोड मिळतील ते छापून फर्मच्या फाइलीत, चेकबुक ठेवता त्या कपाटात ठेवा. मोबाइल नंबर मालकाचा किंवा फर्मच्या नावावरचा द्या, कामावरच्या मुलाचा नको. प्रीपेड नंबर ९० दिवस वापरात नसला तर कंपनी तो बंद करू शकते, आणि पुढे तोच नंबर दुसऱ्या माणसाला मिळतो. सोडून गेलेल्या अकाउंटंटच्या जुन्या सिमवर धंद्याचं नाव अडकलेलं असणं म्हणजे ओटीपी अनोळखी माणसाच्या खिशात.

आणि ही पेटी उघडत जा. गुगल दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकू शकतं. महिन्यातून एकदा, वीजबिल भरता त्या दिवशी, उघडून बघितली तरी पुरे.

तपासा: दुसऱ्या कॉम्प्युटरवरून, नुसता पासवर्ड आणि कोड वापरून, कोणाला फोन न करता तुम्ही या पेटीत शिरू शकता का? नसाल तर इथेच थांबा.

## ३. डीएनएसच्या नोंदींची नक्कल घ्या

ही पायरी लोक गाळतात, आणि नेमकी मेल इथेच बंद पडते.

अनेकदा डीएनएस जुन्या रजिस्ट्रारकडे किंवा वेबसाइटवाल्याच्या होस्टिंगवरच चालतो. नाव दुसरीकडे हलवलं की जुन्या ठिकाणचा डीएनएस काही तासांत किंवा काही दिवसांत बंद होऊ शकतो. तेव्हा नोंदी हाताशी नसतील तर वेबसाइट एक वेळ उभी करता येते, पण मेल कुठून यायची, कुठली सही लागायची, हे अंदाजाने भरता येत नाही.

डीएनएसच्या पॅनेलमध्ये 'झोन फाइल एक्स्पोर्ट', म्हणजे सगळ्या नोंदींची एकत्र फाइल, मिळत असेल तर ती मागा. नाही मिळाली तर नोंदींच्या पानाचे स्क्रीनशॉट मागा, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. बाहेरून शोधून सगळ्या नोंदी सापडत नाहीत. 'शॉप', 'बिलिंग', 'ईआरपी' अशी उपनावं असतील तर ती आतूनच दिसतात.

यादी हातात आली की ती समजून घ्या. 'ए' नोंदीत वेबसाइटच्या सर्व्हरचा आकडी पत्ता असतो. 'सीनेम' बहुधा 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'साठी असतो. 'एमएक्स' सांगते की मेल कोणाकडे पोचवायची. तिच्याआधीचा आकडा, म्हणजे प्राधान्यक्रम, तोही उतरवायचा. 'टीएक्सटी' नोंदी दिसायला निरर्थक आणि लांबलचक असतात, म्हणून लोक त्या वगळतात. पण त्यातल्या 'व्ही बरोबर एसपीएफ१' ने सुरू होणाऱ्या ओळीत तुमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कोणाकोणाला आहे ते लिहिलेलं असतं, आणि 'डोमेनकी' असं नाव असलेल्या नोंदीत मेलची डिजिटल सही तपासायची चावी असते. या दोन सुटल्या तर मेल जाते, पण समोरच्याच्या स्पॅममध्ये. तुमची कोटेशनं आठवडाभर कोणी वाचलेली नसतात आणि तुम्हाला वाटत असतं, बाजार मंदा आहे.

सावधान: डीएनएसच्या नोंदी खऱ्या आहेत हे डिजिटल सहीने तपासणारी 'डीएनएससेक' ही सोय चालू असेल आणि तुम्ही नेमसर्व्हर बदलणार असाल, तर आधी ती बंद करून घ्या आणि दोन दिवस थांबा. नाहीतर नोंदी बरोबर असूनही नाव उघडत नाही.

## ४. आपलं स्वतःचं खातं उघडा

पायरी २ मधला ईमेल वापरून रजिस्ट्रारकडे खातं उघडा. नाव सध्या ज्या रजिस्ट्रारकडे आहे तिथेच उघडलं तर पुढची पायरी बरीच सोपी होते. मी शक्यतो तोच सल्ला देतो. रजिस्ट्रार बदलायचाच असेल तर तो सहा महिन्यांनी, शांतपणे बदलता येतो.

खात्याच्या माहितीत पत्ता, पिन कोड, फोन खरा द्या. जीएसटी क्रमांक असेल तर तोही भरा म्हणजे बिल फर्मच्या नावाने येईल. डोमेनच्या फीवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि त्याचं क्रेडिट घ्यायला बिलावर तुमचा क्रमांक हवा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, पुढे कधी वाद झाला तर ओळीने पाच-सहा वर्षांची फर्मच्या नावाची बिलं हा बळकट पुरावा असतो. वेबसाइटवाल्याच्या 'वेबसाइट पॅकेज: १ नग' अशा बिलाने काहीच सिद्ध होत नाही. त्याच्याकडून बिल घेत असाल तर डोमेनचं नाव आणि 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत' ही ओळ वेगळी लिहून मागा.

दोन टप्प्यांची सुरक्षा इथेही चालू करा. वेबसाइटवाल्याला डीएनएस बदलायला लागतोच, तेव्हा त्याला पासवर्ड देऊ नका. बऱ्याच रजिस्ट्रारकडे दुसऱ्या माणसाला मर्यादित प्रवेश देण्याची सोय असते. ती वापरा, आणि काम संपलं की काढून घ्या.

## ५. नाव आपल्या खात्यात आणा

इथपर्यंत डीएनएसची यादी किंवा रिन्यूअल मागण्यापलीकडे कोणाला काही कळवलेलं नसलं तरी चालतं. आता वेबसाइटवाल्याशी बोलायचं आहे, आणि कसं बोलता यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

आधी त्याचं राहिलेलं बिल चुकतं करा. .कॉमसारख्या नावांच्या नियमांत, डोमेनचीच फी थकली असेल तर रजिस्ट्रारला ट्रान्सफर नाकारता येतं. वेबसाइटचं किंवा होस्टिंगचं बिल थकलंय म्हणून नाकारता येत नाही. म्हणजे नियम तुमच्या बाजूने आहे. तरीही दोन-पाच हजारांसाठी नाव महिनाभर लटकत ठेवण्यापेक्षा पैसे देऊन मोकळं व्हावं. 'आम्ही दुसरा डेव्हलपर बघतोय' हे वाक्य नाव खात्यात येईपर्यंत तोंडातून काढू नका.

फोनवर बोला, पण मागणी ईमेलने करा, म्हणजे तारखेसह नोंद राहते. मजकूर इतकाच पुरे:

"नमस्कार. आमच्या सीएंच्या सूचनेनुसार फर्मच्या सर्व डिजिटल मालमत्ता फर्मच्या नावावर घेत आहोत. आमचं डोमेन कृपया आमच्या रजिस्ट्रार खात्यात पुश करावं. खात्याचा ईमेल खाली दिला आहे. सोबत डीएनएस नोंदींची यादी पाठवावी. होस्टिंग आणि देखभालीचं काम आहे तसंच तुमच्याकडे राहील. या कामाचा काही आकार असल्यास कळवावा."

देखभाल त्याच्याकडेच राहणार असेल तरच ते वाक्य लिहा. खोटं आश्वासन देऊन काम साधू नका; गाव लहान असतं.

दोन मार्ग आहेत. दोन्ही खाती एकाच रजिस्ट्रारकडे असतील तर 'पुश' किंवा 'खाते बदल'. यात कोड लागत नाही, सहसा फी नाही, त्याच दिवशी होतं, डीएनएस जागेवरच राहतो. पहिली पसंती याला द्या.

रजिस्ट्रार वेगवेगळे असतील तर ट्रान्सफर. .कॉमसारख्या नावांसाठी त्याचा क्रम असा:

1. नाव नोंदवून किंवा आधीच्या ट्रान्सफरला ६० दिवस झालेत ना ते बघा. त्याआधी ट्रान्सफर होत नाही.
2. डीएनएस जुन्या रजिस्ट्रारकडे चालत असेल तर आधी नव्या ठिकाणी सगळ्या नोंदी भरा, नेमसर्व्हर बदला आणि ४८ तास थांबा. या काळात बाहेरच्या पत्त्यावरून स्वतःला मेल पाठवून बघा, उत्तरही द्या.
3. जुन्या खात्यात ट्रान्सफर लॉक काढायला सांगा आणि ऑथ कोड, म्हणजे ट्रान्सफरसाठी लागणारा गुप्त कोड, मागा. काही पॅनेलमध्ये त्याला ईपीपी कोड म्हणतात. मागितल्यावर रजिस्ट्रारने तो पाच दिवसांत द्यायलाच हवा.
4. नव्या रजिस्ट्रारकडे नाव आणि कोड टाकून फी भरा. .कॉमच्या ट्रान्सफरमध्ये एक वर्षाची मुदत वाढून मिळते, त्यामुळे ही फी वाया जात नाही.
5. जुना रजिस्ट्रार मंजुरीची मेल पाठवेल. मंजूर केलं तर काम लगेच होतं. कोणी उत्तरच दिलं नाही तर पाच दिवसांनी ट्रान्सफर आपोआप पूर्ण होतं.

.इनचे नियम निक्सीचे, म्हणून दिवस आणि कागदपत्रं थोडी वेगळी असतात. ओळखीचा पुरावा मागितला जाऊ शकतो. पॅन, जीएसटी प्रमाणपत्र किंवा उद्यम प्रमाणपत्र स्कॅन करून तयार ठेवा.

सावधान: ऑथ कोड व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. लॉक उघडं असताना तो कोड ज्याच्या हातात तो नाव हलवू शकतो.

सावधान: ट्रान्सफर, नेमसर्व्हर बदल आणि नवी वेबसाइट चढवणं हे तिन्ही एकाच शनिवारी करू नका. काही बिघडलं तर कशामुळे बिघडलं ते शोधता येत नाही. आणि दिवाळी, गणपती, ॲडमिशनचा हंगाम, जो तुमचा गर्दीचा काळ असेल तो सोडून द्या.

## ६. नोंदणीदाराचं नाव आता बदला

नाव खात्यात आलं म्हणजे नाव आपलं झालं, असं नाही. खातं ही पेटी झाली. पेटीतल्या कागदावर अजून वेबसाइटवाल्याचं नाव असू शकतं. डोमेनच्या आत 'कॉन्टॅक्ट इन्फर्मेशन' उघडा.

'ऑर्गनायझेशन' या रकान्यात फर्मचं नाव जीएसटी किंवा पॅनवर आहे तसंच्या तसं लिहा. हा रकाना भरलेला असेल तर नोंदणीदार ती संस्था धरली जाते. रिकामा असेल तर वरच्या रकान्यातली व्यक्ती. भागीदारी फर्ममध्ये इथे एका भागीदाराचं नाव राहिलं आणि भागीदारी तुटली, की नाव कोणाचं यावर भांडण ठरलेलं. प्रोप्रायटरी फर्म असेल तर मालकाचं नाव आणि दुकानाचं नाव दोन्ही भरा. प्रोप्रायटरीची प्रायव्हेट लिमिटेड केली असेल तर हा रकाना बदलायची आठवण सीए करून देईलच असं नाही; ती तुम्ही ठेवा.

ही पायरी ट्रान्सफरच्या नंतर का ठेवली? कारण .कॉमसारख्या नावांत नोंदणीदाराचं नाव, संस्था किंवा ईमेल बदलला की बऱ्याच रजिस्ट्रारकडे पुढचे ६० दिवस नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवता येत नाही. चोरी रोखण्यासाठीच तो नियम आहे. पण घाईत आधी नाव बदललं की तो तुम्हालाच अडवतो. रजिस्ट्रार बदलायचाच नसेल तर ही अडचण नाही, लगेच बदला.

बदल केल्यावर नोंदणीदाराच्या ईमेलवर पडताळणीची लिंक येते. ती १५ दिवसांत दाबली नाही तर रजिस्ट्रार डोमेन बंद ठेवू शकतो. चालू वेबसाइट कारण नसताना बंद पडली तर आधी स्पॅममध्ये ही मेल शोधा.

तपासा: नोंदणीदार, अॅडमिन, टेक्निकल, बिलिंग या चारपैकी जे जे रकाने दिसतील त्यात जुना ईमेल कुठेही उरलेला नाही ना?

## ७. कुलूप लावा, मुदत बांधा

लॉक पुन्हा चालू करा. ट्रान्सफरनंतर ते आपोआप लागलेलं असतं असं धरून चालू नका. लुकअपमध्ये 'क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड' ही ओळ दिसली की झालं.

मुदतीचं जरा नीट बघू. 'ऑटो रिन्यू चालू आहे' एवढ्यावर भारतात विसंबता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डवरून ठरावीक काळाने आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांसाठी आधी ई-मॅन्डेट, म्हणजे बँकेला दिलेली आगाऊ परवानगी, नोंदवावा लागतो, आणि पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँक सूचना देते. हा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे. परदेशी रजिस्ट्रारकडे असा मॅन्डेट नोंदलेला नसेल तर पॅनेलवर हिरवा टिक दिसत राहतो, आणि नेमक्या दिवशी बँक व्यवहार नाकारते. कार्डची मुदत संपली, कार्ड बदललं, तरी हेच.

म्हणून ऑटो रिन्यू चालू ठेवा, पण हाताने आणि आगाऊ भरा. एका वेळी दहा वर्षांपर्यंतची मुदत घेता येते. माझं मत विचाराल तर तीन ते पाच वर्षांची घ्या आणि दरवर्षी एक वर्ष वाढवत राहा. दहा वर्षांची घेतली की लोक खातंच विसरतात; दहा वर्षांनी ईमेल कुठला आणि फोन कोणाचा, हेही कोणाला आठवत नाही. मुदतीची तारीख मालक आणि अकाउंटंट अशा दोघांच्या कॅलेंडरमध्ये, ६० दिवस आणि ३० दिवस आधीच्या सूचनेसह टाका.

हलगर्जी फक्त लहान धंद्यांत होते असं नाही. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या पासपोर्ट.कॉम या नावाची ३५ डॉलरची फी राहून गेली आणि हॉटमेलचं लॉगिन अडलं. एका बाहेरच्या प्रोग्रॅमरने स्वतःच्या कार्डने पैसे भरले तेव्हा ते सुरळीत झालं.

मुदत चुकलीच तर .कॉमचं पुढे असं होतं. सुरुवातीचे जास्तीत जास्त ४५ दिवस बहुतेक रजिस्ट्रार नेहमीच्या किंवा थोड्या जादा फीत रिन्यू करू देतात, पण वेबसाइट आणि मेल आधीच बंद पडते, आणि याच काळात काही रजिस्ट्रार नाव लिलावालाही काढतात. त्यानंतरचे ३० दिवस रिडेम्प्शनचे: नाव मिळतं, पण मूळ फीच्या कित्येक पट मोजून. मग ५ दिवस कोणालाच काही करता येत नाही, आणि त्यानंतर जो आधी नोंदवेल त्याचं. चांगल्या नावांसाठी त्या क्षणाची वाट बघत संगणक लावून बसलेली माणसं असतात. .इन आणि इतर नावांचे हे दिवस वेगळे असतात, रजिस्ट्रारच्या पानावर बघून घ्या.

सावधान: मुदत जवळ आली की 'डोमेन रिन्यूअल नोटीस' अशी अनोळखी कंपनीची बिलं येतात. काहींवर बारीक अक्षरात 'सर्च इंजिन नोंदणी' असं लिहिलेलं असतं, म्हणजे भरलेल्या पैशांचा डोमेनशी संबंधच नसतो. दुसरा प्रकार: 'चीनमध्ये कोणीतरी तुमचं नाव नोंदवतंय, तुम्हाला हवंय का लगेच कळवा.' उत्तर देऊ नका. फी फक्त स्वतः पत्ता टाइप करून उघडलेल्या रजिस्ट्रारच्या पानावर भरायची, मेलमधल्या लिंकवरून कधीच नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये न्यू यॉर्क टाइम्सची वेबसाइट खाली आली तेव्हा वर्तमानपत्राच्या सर्व्हरला कोणी हात लावला नव्हता; त्यांच्या रजिस्ट्रारच्या एका रिसेलरचं लॉगिन फसव्या मेलने काढून घेतलं होतं.

## ८. माणसं बदलतात तेव्हा

एक पानाचा कागद करा: डोमेनचं नाव, रजिस्ट्रार, खात्याचा ईमेल, मुदत, डीएनएस कुठे, मेल कुठे, होस्टिंग कुठे, प्रवेश कोणाकोणाला. पासवर्ड त्यात लिहू नका. पासवर्ड आणि बॅकअप कोड बंद पाकिटात. हे पाकीट कुठे आहे ते मालकाशिवाय आणखी एका माणसाला माहीत हवं, पत्नी, मुलगी, भागीदार, कोणीही विश्वासाचं. मालक अचानक गेल्यावर घरच्यांना मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद रजिस्ट्रारला पाठवून खातं सोडवावं लागतं. ते होतं, पण आठवडे जातात, आणि मुदत तोवर थांबत नाही.

कामावरचा माणूस किंवा वेबसाइटवाला सोडून गेला की त्याच दिवशी: मर्यादित प्रवेश काढा, ईमेल आणि रजिस्ट्रार दोन्हींचे पासवर्ड बदला, 'सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट' दाबा, आणि ईमेलमध्ये 'फॉरवर्डिंग' कुठे लावलेलं नाही ना ते बघा. हे शेवटचं हमखास राहतं.

## ९. नाव हातातून गेलंच तर

आधी ठरवा, गेलं म्हणजे काय झालं. वाट वेगवेगळी आहे.

वेबसाइटवाला उत्तरच देत नाही. लुकअपमधून रजिस्ट्रारचं नाव घेऊन थेट रजिस्ट्रारला लिहा: रिसेलर संपर्कात नाही, नोंदणीदार आम्ही आहोत. सोबत बिलं, बँकेच्या नोंदी, जीएसटी प्रमाणपत्र जोडा. नोंदणीदार म्हणून तुमचं नाव असेल तर बहुधा मार्ग निघतो. .कॉमसारख्या नावात तुम्ही नोंदणीदार असूनही रजिस्ट्रारने पाच दिवसांत कोड दिला नाही तर आयकॅनकडे तक्रार करता येते, तिला फी नाही.

कोणी खात्यात शिरून नाव हलवलं. इथे तासांना किंमत आहे. रजिस्ट्रारच्या 'अब्यूज' किंवा सुरक्षा विभागाला फोन आणि मेल दोन्ही करा, नाव गोठवायला सांगा. ईमेलची पेटी आधी सुरक्षित करा, नाहीतर तुमची तक्रारही चोर वाचत असतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसेही गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन. दुसऱ्याचा पासवर्ड बेइमानीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी प्रमाणे गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. तक्रारीत पायरी १ चा स्क्रीनशॉट आणि आजचा स्क्रीनशॉट शेजारी शेजारी लावा. तपास करणाऱ्या माणसाला काय बदललं ते त्यातून एका नजरेत कळतं. ग्राहकांना आणि पुरवठादारांना फोन करून सांगा की या नावावरून बँक खातं बदलल्याची मेल आली तर पैसे भरू नका.

नाव वेबसाइटवाल्याच्याच नावावर आहे आणि तो देत नाही. ही सर्वांत अवघड वाट. .कॉमसाठी यूडीआरपी आणि .इनसाठी आयएनडीआरपी अशा लवादाच्या पद्धती आहेत, पण त्यात ट्रेडमार्कसारखा तुमचा हक्क आणि समोरच्याचा वाईट हेतू दोन्ही सिद्ध करावे लागतात. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका पंचासमोरच्या यूडीआरपी प्रकरणाची फी १,५०० डॉलर आहे, वकील वेगळा. निव्वळ 'मी पैसे दिले होते' असा दोघांमधला व्यवहाराचा वाद असेल तर लवाद तो कोर्टात न्यायला सांगू शकतो. त्याआधी वकिलाची एक नोटीस पाठवा, बिलं आणि पायरी ५ मधली ईमेल जोडून. पुष्कळदा तिथेच तडजोड होते. आणि ट्रेडमार्कचा अर्ज अजून केलेला नसेल तर निकालाची वाट न बघता याच आठवड्यात करा.